मी पारूची मोरली

मी मोरली बोलतेय. मासे कापायची विळी म्हणा हवं तर, पण भाजीच्या विळीशी माझं नातं जोडू नका. भेंडी कापण्यात कसली आलीय मर्दुमकी? मी घिवलीची, मच्छीमारांच्या घरातली, वयाने शंभरी उलटलेली. चिंचणीच्या लोहाराने माझं पातं ठोकलं, शिवणीच्या लाकडाच्या पाटावर बसवलं, आणि पारूच्या आईने लग्नात तिच्याबरोबर मला धाडलं.

माझं काम कसं चालतं ते आधी ऐका. त्याशिवाय शहाण्या माणसांची पुढे झालेली फजिती तुम्हाला कळायची नाही. पाट जमिनीवर, त्यावर बाईचा पाय दाबलेला, पातं ताठ उभं. बाई दोन्ही हातांनी मासा धरून पात्यावर आणते. मी जागची हलत नाही. काम थांबलं की मला आडवं करायचं, पातं भिंतीकडे. घरात रांगतं मूल असतं. आमच्याकडच्या मुली हे फ्रॉकात असल्यापासून शिकतात, आणि जी विसरते तिला सासू दिवसभर सोडत नाही.

पारू एकदाच विसरली. त्या दुपारी ती अंगणात बोंबील कापत होती. मिठागराचा मुकादम कमलाकांत ताडी पिऊन आला. माणूस कसला होता ते सांगून मी तोंड विटाळत नाही. त्याने तिचा हात धरला. ती हिसका देऊन उठली, पोराला काखोटीला मारलं, घरात शिरली आणि आतून कडी घातली. तो मागे धावला. अंगणात माशांचं पाणी सांडलेलं. पाय घसरला आणि तो पडला, मान थेट माझ्या पात्यावर; जागीच मेला. मी उभीच होते. मला आडवं करायला पारूला वेळ कुठे होता?

मग काय, वर्तमानपत्रांना चरायला कुरण मिळालं. पारूचं मुकादमाशी लफडं होतं, ते तुटलं म्हणून तिने त्याला कापलं, असं ज्यांनी घिवली नकाशातही पाहिली नव्हती ते लिहायला लागले. 'मिठागराची नागीण' हे नाव त्यांनीच दिलं.

कोर्टात माझ्या पात्याला चिठ्ठी बांधून मला टेबलावर मांडलं. सरकारी वकिलाने मला पाटासकट दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि "असा वार केला" म्हणून दाखवलं. माझ्या वजनाने त्याला धाप लागली. तिथे बसलेल्या एकानेही जन्मात मासा कापला नव्हता. कापला असता तर तो तिथल्या तिथे म्हणाला असता, मला उचलून वार करणं म्हणजे जातं उचलून मारण्यासारखं आहे.

पारूला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, "मी नाय मारला. पन चूक माजी हाय. मोरली उबी ठेवली."

कारकुनाने 'चूक कबूल' एवढंच लिहून घेतलं. बाकीची बायकी बडबड कशाला लिहायची? तिला जन्मठेप झाली. चौथ्या वर्षी ती तुरुंगातच वारली. तिच्या दिराने मला सोडवून आणलं, पण वापरायची छाती कोणाची होणार? गोणपाटात गुंडाळून मला माळ्यावर टाकलं.

तिथून मला खाली काढलं ते दर्पणने. हा बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कलेची सेवा करतो. कलेने ती मागितली होती का, ते मला ठाऊक नाही. त्याला नाट्यस्पर्धेसाठी शंभर वर्षांपूर्वीचं खळबळजनक प्रकरण हवं होतं. पारूची नात रंभाबाई, सत्तरीला टेकलेली, दारात करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती. हा तिच्यापुढे उकिडवा बसला.

"मावशी, तुमच्या आजीला मी न्याय मिळवून देणार," तो म्हणाला.

रंभाबाईचे हात थांबले. शाळेत तिला पोरी खुनीणीची नात म्हणायच्या. तिच्या लग्नात सासरच्यांनी हीच गोष्ट उकरली होती. "माजी आजी खुनी नव्हती, तेवडा लोकांना सांग पोरा," ती म्हणाली. "माला दुसरा काय नको."

"शब्द देतो," दर्पण म्हणाला आणि खरीखुरी वस्तू म्हणून मला उचलून घेऊन गेला. त्याचा शब्द टेम्पो बोईसरला पोहोचेपर्यंतही टिकला नाही. नाटकाचं नाव ठेवलं 'मिठागराची नागीण'. त्यात पारू मुकादमाबरोबर खाडीकाठी गाणं म्हणते, डोळ्यांत काजळ, अंगावर जरीची साडी. बोंबील कापणाऱ्या बाईला जरीची साडी! तालमीत सामान उचलणाऱ्या कामगाराने मला पाहून विचारलं, "ये कौन सा हथियार है भैया?" दर्पण म्हणाला, "मर्डर वेपन." एवढाच त्याने केलेला माझा अभ्यास.

शेवटी रंगीत तालीम घिवलीच्या समाज हॉलमध्ये ठेवली. गावाने पुढे हरकत घेऊ नये म्हणून ही सारी मखलाशी. रविवारी दुपारी बायका जमल्या. पहिल्या रांगेत रंभाबाई, नवीन लुगडं नेसून. आज आपली आजी सुटणार म्हणून ती आली होती. नाटक पुढे सरकत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला, आणि मला त्या दर्पणची अशी चीड आली की काय सांगू.

खुनाचा प्रवेश आला. पारूचं काम करणारी हेतल, पालघरची कॉलेजातली मुलगी, तिने मला पाटासकट डोक्यावर उचललं. थेट त्या वकिलासारखं. पाट जड, ती मागे झुकली. आणि हॉलमध्ये बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्याच.

"अगो, मोरली काय धोंडा हाय का टाकायला?" मागून कोणीतरी ओरडलं.

रंभाबाई मात्र हसली नाही. ती उठून स्टेजवर चढली, हेतलच्या हातातून मला घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि पाटावर पाय दाबून बसली.

"हां, अशी बसते बाय. अशी मासळी आनते. आता सांगा, ही कशी उचलून मारंल?" मग तिने पारूचं कोर्टातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिच्या बापाने, म्हणजे पारूच्या त्या काखोटीच्या पोराने, मोठेपणी ते काकाकडून ऐकून पाठ केलं होतं.

म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मोरली उभी ठेवली ही चूक म्हणजे काय, ते त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

"मग शेवट बदलायचा ना?" हेतलने विचारलं.

"अजिबात नाही," दर्पण म्हणाला. "मावशी, तुमच्या भावना कळतात. पण पारूने मारलंच नाही तर नाटक कुठाय?"

त्याने मला तिथेच परत केलं आणि स्पर्धेसाठी प्लायवूडचा कोयता रंगवून घेतला. बायका त्याच्यावर हसल्या, त्या हसण्यातून हा एवढंच शिकला.

पुढचं मी हेतलच्या तोंडून ऐकलं. स्पर्धेनंतर दोन दिवसांनी ती एसटीने घिवलीला आली.

"मावशी, मी कोयता उगारलाच नाही," ती म्हणाली. "हातातून खाली टाकला. लोकांकडे बघितलं आणि तुमच्या आजीचं ते वाक्य म्हटलं. सगळं. अर्धं नाही. आणि आत निघून आले. दर्पण विंगेत नुसता नाचत होता."

"बक्षीस?" रंभाबाईने विचारलं.

"कसलं बक्षीस! परीक्षक म्हणाले, शेवट कळला नाही."

त्यांना कसा कळणार! पण मागच्या खुर्च्यांवर सातपाटीच्या काही मासळीवाल्या बायका होत्या, त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, असं हेतल म्हणाली. रंभाबाई पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडली. मग नाक पुसून तिने पोरीला जेवायला थांबवलं, मला धुतलं आणि सरंगा कापायला घेतला. तेव्हापासून मी रोज कामावर आहे.

तुम्हाला निरोप देताना एवढंच सांगते. जुन्या खुनाचं नाटक बघायला खुशाल जा, वर्तमानपत्रं वाचा, टाळ्या पिटा. पण पारूने कमलाकांतला मारलं नाही. मी तिथे होते. मला कोर्टात नेलं, चिठ्ठी बांधली, हातात घेऊन मिरवलं, रंगमंचावर नाचवलं. काय झालं होतं, हे मला एकानेही विचारलं नाही.