खाली सगळं ऐकू येतं

ताई बावीस वर्षं विहिरीच्या काठावर उभी होती, पण विहिरीत एकदाही उतरली नव्हती. खणायचं काम धाकट्या भावाचं, रहाट ताईचा. भाऊ खाली पहार आणि घणानं खडक फोडायचा, तुकडे लोखंडी टोपल्यात भरायचा आणि दोराला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे ओढ, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे माणूस वर येतोय. मग ताई दांडा फिरवायला लागायची. दिवसाकाठी सत्तर-ऐंशी टोपली वर यायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं मोठा झाला होता आणि ब्लाउज शिवणारी दरवेळी माप दोनदा घ्यायची.

भाऊ जमिनीवर इतका कमी बोलायचा, की लोक त्याला मौनीबुवा म्हणायचे. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी ताईला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मुलाला बोलता येतं ना?"

खाली त्याच्या हाताखाली ताईचा जावई असायचा, तो ताईच्याच घरी राहायचा. असं तिघांचं मिळून काम. जिथे घरं जवळ आहेत आणि सुरुंग लावता येत नाही, तिथे लोक त्यांनाच बोलवायचे.

त्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाला एका बागेत त्यांची विहीर चालू होती आणि शहरातून एक मुलगी आली. खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामांवर तिला माहितीपट करायचा होता. वीटभट्टी झाली होती, कोळसा पाडणारे झाले होते, आता विहीर. तिच्याबरोबर कॅमेरा धरणारा एक उंच माणूस होता. पहिल्याच दिवशी ती फिल्मवाली झाली आणि तो लंबू.

"आम्ही इथे नाहीच असं समजा," फिल्मवालीनं सांगितलं. "रोजच्यासारखं काम करा."

दुसऱ्या दिवशी मौनीबुवा गुळगुळीत दाढी करून, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून खडक फोडायला आला. जावयानं केसांना तेल लावून भांग पाडला होता. फिल्मवाली डोक्याला हात लावून मुरुमाच्या ढिगावर बसली. दुपारी भाकरी सोडली तेव्हा ती आणि लंबू आपोआप कोंडाळ्यात येऊन बसले.

"तुम्ही तर इथे नाही ना?" ताईनं विचारलं, आणि दोघांच्या हातात भाकरी ठेवली.

दोन दिवसांत सगळे कॅमेऱ्याला सरावले. फिल्मवालीनं एकदा हट्टानं रहाट फिरवून पाहिला. तिसऱ्या टोपल्याला तिच्या तळहातावर फोड आले, पाचव्याला ते फुटले. ताईनं तिला बाजूला बसवून हाताला तेल चोळलं आणि म्हणाली, "तुझं काम तू कर बाई. माझं मी करते."

मग एके दिवशी फिल्मवालीनं ताईला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"ताई, या कामाचं तुम्हाला दुःख वाटतं का?"

"खांदा दुखतो."

"म्हणजे मनात काय येतं?"

"खांदा दुखतो म्हणजे खांदाच दुखतो ग. त्याला तेल लावायचं. मनात काय यायचंय?" ताईनं डाव्या हातानं उजवा खांदा चोळला. फिल्मवालीनं मध्येच पुढचा प्रश्न टाकला नाही, ते ताईला आवडलं. मग ती म्हणाली, "एक आहे. टोपलं सुटलं तर ते खाली माझ्या भावाच्या डोक्यावर जाईल. रहाटाला खिट्टी आहे, पण ती दातात बसेपर्यंत सगळा भार हातावर. म्हणून बावीस वर्षांत दांडा हातात असताना मी एकदाही शिंकलेली नाही."

"शिंक आली तर?"

"दांडा छातीशी आवळायचा आणि नाक चिमटीत धरायचं. जाते परत."

खालचं काम टिपायला लंबू एकदा विहिरीत उतरला. पंधरा फुटांवर त्यानं डोळे मिटून दोर कवटाळला आणि तीन हिसके न देता तो नुसताच ओरडत राहिला. शेवटी छोटा कॅमेरा जावयाच्या शिरस्त्राणावर बांधला. चार दिवस जावई तो डोक्यावर घेऊन उतरला. बाराव्या दिवशी मंडळी सामान बांधून शहरात परत गेली.

सहा महिन्यांनी माहितीपट तयार झाला. फिल्मवाली शब्दाची पक्की निघाली, पहिल्यांदा गावातच दाखवायचा म्हणाली. रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांना चादरी लावल्या. ताई पुढच्या बाकावर बसली, शेजारी जावई. मौनीबुवा मात्र थेट दाराजवळ उभा राहिला.

आधी वीटभट्टी आली, मग कोळसेवाले. त्यांचे काळे हात पाहून मागच्या बाकावरच्या पोरांनी आपले तळवे उलटून पाहिले. मग विहीर आली आणि लोक आपली माणसं ओळखून एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. ताईनं स्वतःचा खांदा पडद्यावर पाहिला आणि पदर ओढून घेतला.

मग कॅमेरा खाली गेला. अंधार, घणाचा आवाज, उडणाऱ्या ठिणग्या. आणि त्या अंधारात एक माणूस बोलत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. ताईनं जावयाला विचारलं, "हा कोण बोलतोय?"

जावई चपलेकडे बघत राहिला.

पडद्यावर मौनीबुवा घण टेकवून, कमरेवर हात ठेवून, हुबेहूब ताईच्या आवाजात म्हणत होता, "काय भरलंय रे टोपल्यात, डोंगर भरलास का? मेल्याला वाटतं वर बैल बांधलाय. आणि त्या शेजारणीला सांगितलं होतं दूध ठेव, ठेवलं का? तिला मांजर दिसतं, मी दिसत नाही."

खोलीत हास्याचा स्फोट झाला. दूधवाली शेजारीण तिसऱ्या बाकावर होती, तीच सगळ्यात जोरात हसत होती. पडद्यावर मौनीबुवा थांबेना. ताईचं स्वतःशी पुटपुटणं, विहिणीवरचा राग, जावयाच्या चहात किती साखर जाते त्याचं गणित, सगळं तो सूर धरून म्हणून दाखवत होता. ताईचे कान तापले. हे सगळं ती बोलली होती खरं. पण एकटी असताना, रहाटापाशी, कुणी ऐकत नाही असं समजून.

तेवढ्यात पडद्यावरचा मौनीबुवा एकदम गप्प झाला आणि त्यानं हात वर केला. वर चाललेलं टोपलं मध्येच अडलं होतं. "थांब," तो जावयाला म्हणाला, या वेळी स्वतःच्या आवाजात. "तिला शिंक आलीय. नाक धरून उभी असेल." दोर थरथरला आणि टोपलं पुन्हा वर सरकायला लागलं. "गेली," तो म्हणाला, आणि घण उचलला.

या वेळी कुणी हसलं नाही. ताईनं दाराकडे वळून पाहिलं. मौनीबुवा तिथे नव्हता.

तो तिला शाळेच्या नळापाशी सापडला, उगाचच तोंड धूत होता.

"तुला माहीत होतं, हे दाखवणार आहेत?"

त्यानं मान डोलावली. "फोन आला होता. ठेवू का काढू विचारलं. म्हटलं, राहू दे."

"आणि मी वर बोलते ते तुला ऐकू येतं?"

"सगळं."

"बावीस वर्षं?"

"खाली उतरून बघ," तो म्हणाला. त्याच्यासाठी हे बरंच लांब बोलणं झालं होतं.

मागून जावई आला. ताईनं त्याला धारेवर धरलं, "तुम्ही तरी सांगायचं ना मला."

"आई, मला त्याच घरात राहायचं होतं," जावई म्हणाला.

सोमवारी सकाळी नव्या विहिरीवर ताईनं साडीचा काचा मारला, डोक्यावर जावयाचं जुनं शिरस्त्राण चढवलं आणि टोपल्यात पाय ठेवला. जावई आधीच खाली गेला होता. रहाटावर मौनीबुवा. त्याला दांडा कसा धरायचा ते ताईनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा त्यानं खिट्टी काढली आणि टोपलं खाली निघालं.

आधी माती, मग तांबडा मुरूम, मग काळा खडक. भिंती गार होत्या. पस्तीस फुटांवर पाय टेकले तेव्हा ताईनं वर पाहिलं. आभाळ परातीएवढं झालं होतं आणि त्यात भावाचं डोकं वाटाण्याएवढं. तिला वाटलं होतं तिथे जीव गुदमरेल. तसं काही झालं नाही. उलट वरच्या वाऱ्याचा, पाखरांचा, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलच्या घंटीचासुद्धा आवाज कानाशी बोलल्यासारखा येत होता.

ती छिन्नी लावून बसली. पहिलं टोपलं भरलं, दोराला एक हिसका दिला. टोपलं हळूहळू, गचके खात वर निघालं. आणि मग वरून आवाज आला. खाली सगळं ऐकू येतं हे विसरून मौनीबुवा स्वतःशीच बोलत होता.

"हळू. हळू रे बाबा. ताई आहे खाली. सोडायचं नाही. हिचा हात आहे का लोखंड, रोज एवढं ओढते. हळू. ताई आहे खाली."

जावई ऐकू न आल्यासारखा दुसरीकडे बघत घण मारत राहिला. ताईनं पदरानं चेहरा पुसला, त्यात घाम किती होता तिचं तिलाच माहीत. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ती म्हणाली, "ऐकू येतंय रे."

वर खिट्टी खटकन दातात बसली. थोड्या वेळानं मौनीबुवाचं डोकं परातीत आलं.

"पुढचं टोपलं जरा कमी भर," तो म्हणाला.

ताईनं ते काठोकाठ भरलं.

दुपारी मौनीबुवाच्या तळहातांना फोड आले होते आणि ताईला कमरेत वाकता येत नव्हतं. दोघंही भाकरी खाताना खूश होते. त्यांनी ठरवलं की आठवड्यात एक दिवस अशी अदलाबदल करायची. फिल्मवालीला हे फोनवर कळलं तेव्हा ती चांगलीच हळहळली. "थोडं आधी उतरला असतात तर काय बिघडलं असतं, ताई?" ती म्हणाली. ताई म्हणाली, "तू ये परत. भाकरी आहे." माहितीपट पुढे बऱ्याच गावांत दाखवला गेला, आणि परगावच्या विहिरीवर गेलं की लोक मौनीबुवाला नक्कल करून दाखवायचा आग्रह करायचे. तो मान खाली घालून ताईच्या मागे उभा राहायचा.

ताई पहिल्यांदा उतरली होती त्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा योगायोगानं अदलाबदलीचाच दिवस होता. ताई कोपऱ्यात पहार चालवत होती. एक कपची निघाली आणि तिच्या अनवाणी टाचेला गार लागलं. खडकाच्या फटीतून बोटभर रुंद ओल वर येत होती. इतक्या वर्षांत पाणी लागलं ते भावाला. ताईपर्यंत पाणी यायचं ते टोपल्याच्या बुडाला थेंब लटकून.

जावई पलीकडे पाठमोरा होता. वर रहाट करकरत होता. ताईनं पहार भिंतीला टेकवली, हळूच खाली बसली आणि त्या ओलीवर तळहात ठेवला. दोराला हिसका द्यायला हवा होता. तो ती देणारच होती, पण थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, आणि बोटांमधून पाणी वर येताना बघत राहिली.