दिव्यापुढची खुर्ची

त्या दिवशी सुपरवायझर स्वतः खाली भट्टीवर आला. एरवी तो तिकडे फिरकत नसे. "वहिनींना बरं वाटत नाहीये," म्हणाला. त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं, ती गेली.

आमचा बाटल्यांचा कारखाना. बायको वर तपासणीवर होती. पांढऱ्या दिव्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात. त्यांतली तडकलेली हेरायची आणि बाजूला टाकायची. थोड्या वेळाने डोळे उघडे असूनही दिसेनासं होतं, म्हणून घंटा झाली की खुर्चीतली उठते आणि दुसरी बसते. आणि एक रीत आहे, खुर्चीत बसलेल्या बाईशी कोणी बोलायचं नाही. नजर हलली की बाटली गेली.

पूर्वी तिथे तिघी होत्या. एकीने काम सोडलं, तिची जागा भरलीच नाही. उरल्या बायको आणि सगळे मावशी म्हणतात त्या वयस्कर बाई. मावशींच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, म्हणून त्यांची पाळीही हीच काढायची. घरी आल्यावर मला दिवा लावू द्यायची नाही. सुट्टी घे म्हटलं की म्हणायची, "घेते की. आधी माणूस तर येऊ दे."

ती खुर्चीत बसल्या बसल्याच गेली. मावशी पुढे खोकी भरत होत्या. रीतीप्रमाणे बोलल्या नाहीत. हातात एक तडकलेली बाटली आली, मग आणखी एक आली, तेव्हा त्यांनी मान वर केली.

पुढे साहेबांनी भिंतीवर तिचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'कधीही न थकणारी'. कामात मन ताजं कसं ठेवायचं हे सांगायला बाहेरून एक माणूस बोलावला. त्याने आम्हाला डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात मावशी घोरायला लागल्या. सगळे हसले, मीही हसलो. मग डोळे उघडले, तर समोर फोटो.

तिच्या जागी आमच्या लेकीला घेतलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी वर गेलो. घंटा कधीच होऊन गेली होती, तरी ही दिव्यापुढेच. पाठ ताठ, मान जराही हलत नव्हती. मी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. मग खांदा धरून गदागदा हलवला.

"बाबा! गेली ना बाटली!"

"जाऊ दे. ऊठ."

"मावशींचे डोळे बघितलेत? मग बसणार कोण?"

"मी."

"तुम्ही? चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधता!"

"ऊठ म्हणतो ना."

ती उठली, मी बसलो. मला सगळ्या बाटल्या सारख्याच दिसत होत्या. ती मागे डबा खाता खाता ओरडत होती, "ती, ती उचला! अहो, ती नाही!" मग आवाज थांबला. वळून बघितलं, तर भिंतीला टेकून झोपली होती, घास हातातच. श्वास चालू आहे ना, एवढं बघितलं आणि पुन्हा दिव्याकडे तोंड केलं.

आता जेवणाच्या सुट्टीत मीच तिथे बसतो. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. तिसऱ्या बाईचं विचारलं की साहेब म्हणतात, बघू. फोटोची काच मात्र रोज पुसली जाते. तिसरी बाई अजून आलेली नाही.