आत्याच्या वाटेतलं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो. सध्या मध काढणाऱ्या एका माणसाच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांमागे धूळ खात पडलो आहे.

कारखान्यात पुष्कळ घाव सोसून मी दुकानात आलो. दुकानदार मला हातावर झेलत म्हणायचा, "हे चोराच्या बापालाही उघडायचं नाही." माझी छाती फुगायची. कुलपाला छाती कुठली, म्हणाल. पण तरुणपणी असते.

मधवाल्याची आदिवासी वस्ती डोंगरातल्या रानात, धबधब्याच्या पायथ्याशी. तिथल्या दारांना कडीसुद्धा नव्हती. ते रान बघायला शहरातले पाहुणे येऊ लागले, तेव्हा मधवाल्याने घरातली खोली त्यांना दिली. पहिल्याच पाहुणीने विचारलं, "कुलूप नाही? मग सामान कुणाच्या भरवशावर टाकायचं?" मधवाला ओशाळला. दुसऱ्याच दिवशी घराच्या दाराला कडी बसली आणि कडीत मी.

शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. सगळी वस्ती तिला आत्या म्हणे. डोळे अधू झाल्याने तिला काडी ओढता येत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ती मधवाल्याच्या चुलीतला विस्तव खापरात घालून न्यायची. घरात कोणी नसलं, तरी "विस्तव नेते गं पोरी" असं रिकाम्या घराला सांगून न्यायची.

मी दाराला लागलो त्या संध्याकाळी घरची सगळी पाहुण्यांबरोबर धबधब्यावर होती. आत्या आली. तिने मला चाचपलं, "हे काय गं बाई?" म्हणाली, बराच वेळ उंबऱ्यावर बसली आणि रिकामं खापर घेऊन परत गेली. मला फार वाईट वाटलं. पण कुलपाला आपणहून उघडता येत नाही.

मधवाल्याची बायको आल्याआल्या विस्तव घेऊन शेजारच्या अंगणात धावली. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"आत्या, तुम्हाला एक किल्लीच देऊन ठेवते."

"नको पोरी. किल्ली लावून शिरायचं, ते परक्याचं घर."

आत्या पुन्हा आमच्या दारी आली नाही. बायको विस्तव पोचवायची. पाहुण्यांच्या गडबडीत कधी विसरायचीही. त्याच वर्षी थंडीत आत्या गेली. तिच्या चुलीतली राख कधीची गार पडली होती, असं बायको नवऱ्याला रडत रडत सांगत होती.

मग तिने मला काढून फळीवर फेकलं. दार पुन्हा उघडं राहू लागलं. पण तोवर वस्तीतली सगळीच घरं पाहुणे ठेवू लागली होती आणि दारोदारी माझे भाऊबंद लटकले होते. उघड्या दारातून आता कोणी येत नाही.

मित्रांनो, अशा रानात जरूर जा. धबधब्यात भिजा, तिथल्या माणसांशी चार शब्द बोला. सामानाची काळजी वाटली, तर पिशवी उशाला घेऊन झोपा. पण त्या घरांकडे कुलूप मागू नका. शेजारी एखादी आत्या असेल.