हात धुवायला थांबणाऱ्या गाड्या

त्या काळात कापसाने वऱ्हाडाला वेड लावलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्या लोकांची आपापसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि इकडे अकोल्याच्या बाजारात आडते गाडीवानालाही 'या, बसा' म्हणू लागले. ज्यांनी जन्मभर ज्वारी पेरली त्यांनी ज्वारी सोडली. ज्यांचे वांग्या-मिरच्यांचे मळे होते त्यांनी मळे मोडले. वाहत्या गंगेत हात धुवायला कुणाचीच ना नव्हती. ज्याच्याकडे धुवायला हात नव्हते, तोही कुठून तरी उसने आणत होता.

बाळापूरकडून अकोल्याला येणाऱ्या रस्त्यावर, गाव दिसू लागायच्या जरा अलीकडे, मनकर्णा माळणीचं घर होतं. नवरा पुंजाराम पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. दीर चंद्रभानने गंगेत हात धुवायचे ठरवले तेव्हा वहिनीला न विचारताच मळा मोडला आणि काळ्या रानात कपाशी लावली. विहीर, केळीचं बेट आणि छपरावर चढलेला दुध्या भोपळ्याचा वेल तेवढा तिच्या वाट्याला राहिला. चंद्रभान माणूस वाईट नव्हता. वेळच्या वेळी ज्वारी पाठवायचा. स्वतः मात्र यायचा नाही, कारण त्याने आता गावात घर घेतलं होतं आणि त्या घराला पक्का दरवाजा होता.

मळा होता तेव्हा सकाळपासून बायका भाजीला यायच्या. घासाघीस करायच्या, सुनांच्या कागाळ्या सांगायच्या, जाताना दोन मिरच्या जास्त उचलायच्या. मनकर्णा त्यांच्यावर ओरडायची. आता ओरडायलाही कुणी उरलं नाही. घराच्या तिन्ही बाजूंना कपाशी आणि चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यावरून नुसत्या गाड्या जायच्या. तिला एकटेपणाचं भय नव्हतं, राग होता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून ती एकच अंगण पुन्हा पुन्हा झाडायची.

अशाच एका सकाळी एक गाडी थांबली. गाडीवान उतरला आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून अंगणात आला. हात कोपरापर्यंत काळेकुट्ट होते.

"बाई, थोडीशी राख हाये काय? चाकाच्या आसाले वंगन देता देता वंगनाचा नळाच सांडला अंगावर. असे हात घेऊन गेलो तं आडत्या मालच घेनार नाई."

गोष्ट खरी होती. बाजारात गिऱ्हाइकापुढे मूठभर कापूस उपसून दाखवायचा तो गाडीवाल्यानेच. त्या पांढऱ्या मुठीवर वंगणाचं एक बोट जरी उमटलं, तरी आडत्या नाक मुरडून 'डागी माल' म्हणायला मोकळा.

मनकर्णेने राख दिली नाही. वंगणाला राख पुरत नाही, हे तिला ठाऊक होतं. न्हायला म्हणून तिने रिठ्याची टरफलं भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून ठेवली होती. ते पाणी तिने त्याच्या ओंजळीत ओतलं. त्याने हात चोळले. आधी काळा फेस आला, मग करडा, मग पांढरा. सूर्यभान त्याचं नाव. हात चोळता चोळता त्याने आपलं गाव सांगितलं, बैलांची नावं सांगितली, बायको जयवंता कशी तिखटजाळ आहे ते सांगितलं. मनकर्णा पाणी ओतत राहिली. फेस पांढरा झाला तेव्हाच हात स्वच्छ झाले होते, पण ते तिने त्याला सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला त्याच्या मागून आणखी दोन गाड्या थांबल्या. मग चार. गाडीवानाच्या पोटात गोष्ट राहत नाही. 'माळणीच्या विहिरीवर हात धुवाले मिळते' ही खबर पार बाळापूरपलीकडे गेली. मनकर्णा आता रोज रिठे फोडू लागली. रिठ्याच्या पाण्याची एक खोड असते. एक दिवस ते चांगलं, दुसऱ्या दिवशी आंबूस, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ माशीही बसत नाही. त्यामुळे ते नेता येत नाही, साठवता येत नाही. ज्याला हात धुवायचे त्याने दाराशी यायचं, ओट्यावर टेकायचं आणि फेस निघेपर्यंत काहीतरी बोलायचं. कुणाची गाय व्याली, कुणाची पोरगी नांदत नाही, रेल्वेचे रूळ कुठवर आले, सगळं मनकर्णेला घरबसल्या कळू लागलं. सगळे तिला मावशी म्हणत. ती त्यांच्यावर ओरडत असे. बरे दिवस होते ते.

ते दिवस तिने आपल्याच हाताने घालवले.

झालं असं, की एकदा सूर्यभान म्हणाला, "मावशी, तुह्या पान्याले तोड नाई. पन रस्त्यात वंगन लागलं तं इथंपर्यंत तसंच यावं लागते. टिकंल असं काई कर ना व. तुले जमते सारं."

'तुले जमते सारं' हे वाक्य माणसाला खड्ड्यात घालतं. मनकर्णेला कैक वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. ती कामाला लागली. तिची आई केळीच्या सोपटांची राख पाण्यात मुरवून त्या खाराने धाबळ्या धुवायची, ते तिला आठवत होतं. तिने सोपटं वाळवली, जाळली, राख भिजवून लालसर पाणी गाळलं, त्यात कळीचा चुना विरवून पुन्हा निवळलं. त्यात कोंबडीचं पीस टाकून पाहिलं. पीस विरघळलं तेव्हा खार जोरदार झाला हे कळलं. मग लोखंडी कढईत करडईचं तेल तापवून त्यात तो खार थोडा थोडा सोडत ती ढवळत बसली. पहिल्या खेपेला तेल वर नि खार खाली, दोघं सवतींसारखे वेगळे बसले. दुसऱ्या खेपेला खार जास्त झाला आणि तिच्याच बोटांची सालं निघाली. पण हट्ट म्हणजे हट्ट. एका दुपारी कढईतलं ढवळता ढवळता घट्ट झालं आणि सारखं झालं. त्यात ऊन पाणी घातल्यावर मधासारखा पातळ, चकचकीत साबू तयार झाला. बोटभर घेतला तरी कोपरापर्यंत फेस यायचा. आठ दिवस ठेवला, पंधरा दिवस ठेवला, नासला नाही.

ती इतकी हरखली, की वेलावरचे वाळके भोपळे कोरून तिने त्यांचे तुंबे केले. प्रत्येकाला लाकडाचं बूच बसवलं, गळ्यात दोरी बांधली, साबूने भरले आणि येईल त्या गाडीवानाला एकेक देऊन टाकला. गाडीच्या आसाजवळ वंगणाचा नळा लोंबत असतो, त्याच्या शेजारी आता मनकर्णेचा तुंबा लोंबू लागला.

आणि गाड्या थांबायच्या बंद झाल्या.

पहिल्या बाजाराला तिला वाटलं, घाईत असतील. दुसऱ्या बाजाराला ती ओट्यावर येऊन बसली. गाड्यांची रांग घुंगरं वाजवत आली आणि तशीच पुढे गेली. हात सगळ्यांनी केले. अगदी प्रेमाने केले.

"राम राम मावशी! लयच नामी झाला साबू!" सूर्यभान गाडीवरूनच ओरडला. त्याने हात उंच करून दाखवले. आरशासारखे स्वच्छ होते.

गरज सरो नि वैद्य मरो, असं लोक चिडून म्हणतात. पण इथे चिडायची सोय नव्हती, कारण कुणी काही वाईट वागलं नव्हतं. तिने दिलं ते त्यांनी घेतलं, एवढंच. धुरळा खाली बसेपर्यंत मनकर्णा ओट्यावर बसून राहिली. मग उठून तिने अंगण झाडलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तुंबे रिकामे झाले तसे लोक भरून घ्यायला आले. पण भरून घेणं म्हणजे तुंबा धरायचा नि निघायचं. त्याला कितीसा वेळ लागतो! म्हणून मनकर्णेने एक दिवस कढई पालथी घातली आणि पुन्हा रिठे फोडायला घेतले.

"साबू आता होत नाई," ती सूर्यभानला म्हणाली. "हे रिठ्याचं घे. इथंच धू."

त्याने मुकाट्याने हात धुतले, पण नजर बैलांवर होती. "मावशी, तुले कष्ट होत असन तं रीत सांग. जयवंता घरी करून घेईन."

मनकर्णेने न मागताच त्याच्या हातावर आणखी पाणी ओतलं. "घरी नाई होत ते," ती म्हणाली. "याच विहिरीचं पानी लागते त्याले."

ती खोटं बोलली, आणि खोटं बोलल्याचं तिला वाईटही वाटलं नाही. तिला फक्त भीती वाटली.

पुढच्या बाजाराला सूर्यभानच्या गाडीतून कापसाबरोबर जयवंताही आली. नवरा बाजारात गेला आणि ही पदर खोचून चुलीपुढे बसली. "मावशी, मले दाखवा. विहिरीचं पानी लागते तं मी इथं येऊन करून नेईन."

मनकर्णेला केवढा आनंद झाला! ती लपवू गेली, पण लपेना. राख जाडी आहे म्हणून तिने पहिलं पाणी फेकून दिलं. चुना निवळला असतानाही अजून निवळू दे म्हणाली. दोघींनी मिळून भाकरी केल्या, मिरचीचा ठेचा वाटला. जयवंताने सासूची नक्कल करून दाखवली तेव्हा मनकर्णा इतकी हसली की तिला ठसका लागला. कढईतला साबू घट्ट झाला तरी ती ढवळतच होती.

जयवंता तिखटजाळ होती, पण आंधळी नव्हती.

"मावशी, राख, चुना न् तेल. यात विहिरीचं काय लागलं? केळी तं आमच्या घरीबी हायेत."

"तुमच्या पान्यात नाई होत म्हनलं ना."

जयवंताने तिच्या हातातला लाकडी चाटू काढून घेतला. "खोटं काहून बोलून राहिल्या? 'येत जा' म्हना ना सरळ."

चुलीतलं लाकूड मनकर्णेने उगाच पुढे सारलं.

"मी कोनाले 'ये' म्हनत नाई," ती म्हणाली. "जल्मात म्हनलं नाई."

"म्हनूनच कोनी येत नाई," जयवंता म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. ती मऊ झाली. "माह्यानं दर बाजारी येनं होनार नाई, मावशी. घरी लेकरू हाये, सासू हाये. पन लेकराच्या बापाले सांगतो ना मी, थांबत जा म्हनून."

"काई सांगू नको!" मनकर्णा कडाडली. "सांगून थांबनारा मानूस काय कामाचा? सांगून तं बैलबी थांबते."

मग तिने जयवंताला सगळी रीत सांगितली. सोपटं किती वाळवायची, पीस कधी टाकायचं, खार किती जपून सोडायचा, आणि विहिरीचं पाणी कुठलंही चालतं हेसुद्धा. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. संध्याकाळी जयवंता भरलेला तुंबा घेऊन गाडीत बसली. मनकर्णेच्या ओठावर 'ये' आलं होतं, पण गाडी हलेपर्यंत ते तिथेच राहिलं.

रीत गावोगाव गेली. आता तर तुंबा भरून घ्यायलाही कुणाला थांबायचं कारण उरलं नाही. रिठ्याची टरफलं मनकर्णेने चुलीत घातली. गाड्या यायच्या त्या वेळी ती मागच्या अंगाला केळीत काम काढून बसू लागली, म्हणजे कुणी हात केला न केला ते दिसायला नको.

असंच एकदा ती केळीत असताना घुंगरं वाजायची थांबली. ती पुढे आली. सूर्यभान ओट्यापाशी उभा होता.

"साबू सरला काय?" तिने विचारलं.

"नाई. तिनं मडकंभर करून ठेवला."

"मंग हात भरले?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. धुतलेलेच होते.

"बैल तान्हेले असन."

"मागं नाल्यावर पाजलं."

"मंग काहून थांबला गा?"

स्वच्छ हातांचं काय करावं हे सूर्यभानला कळेना. त्याने ते धोतराला पुसले. "असाच," तो म्हणाला.

जयवंताने पाठवलं असेल. पाठवलंच असणार, असं मनकर्णेला वाटलं. विचारावं, असं अगदी तोंडाशी आलं. पण तिने विचारलं नाही. पदराने ओट्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, "बस."

तो बसला. बसल्या बसल्या कोरडेच हात एकमेकांवर चोळू लागला. आजवर त्यांचं सगळं बोलणं हात चोळता चोळताच झालं होतं. मागच्या गाड्या अडून राहिल्या, तशी एका गाडीवानाने हाळी दिली, "काय झालं गा सूर्यभान? चाक मोडलं काय?"

"नाई," सूर्यभान ओरडला. "मावशीकडे आलो."

मनकर्णा त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला आत गेली आणि डोळे पुसूनच बाहेर आली.