लाल कापडाखालचा लॅपटॉप

गुरुवारी मुकुंदवाडी स्टेशनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. लोक बंद पडलेले लॅपटॉप मांडीवर घेऊन बसत. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकलेली यंत्रं बद्रीनाथ महाराज जिवंत करतात, अशी बातमी पार उस्मानपुऱ्यापर्यंत पोचली होती. महाराज यंत्रावर लाल कापड पसरत, दोन्ही हात खाली घालून पुटपुटत, "ॐ बूटाय नमः, रॅमाय नमः, हार्डडिस्काय नमः." मिनिटाभरात स्क्रीन उजळे, निळ्या डोंगराचं चित्र उमटे आणि लोक हात जोडत.

त्या गर्दीत गीताबाई बसल्या होत्या. त्या शाळेत खिचडी शिजवत. आठ महिन्यांपूर्वी तापानं त्यांची कॉलेजात शिकणारी लेक प्रेरणा गेली. तेव्हापासून खिचडीत मीठ आहे की नाही, हे जिभेला कळत नव्हतं. नवरा कडुबा बोलला तर ऐकू येई, आत काही पोचत नसे. रडू तर आलंच नव्हतं. प्रेरणाचा स्वस्तातला लॅपटॉप चालू केला की एक चक्र गोल फिरत राही, पुढं काही नाही.

महाराजांनी तो उजळवला आणि डोळे मिटले. "माय, तुझ्या लेकीचा जीव यात अडकलाय. पाच गुरुवार ये. बोलंल ती."

दक्षिणा म्हणून त्यांनी प्रेरणाचे चांदीचे पैंजण ठेवून घेतले. घरी मात्र पुन्हा तेच चक्र. दुसऱ्या गुरुवारी महाराज म्हणाले की आईचं मन साफ नाही, म्हणून जीव टिकत नाही. गीताबाईंनी ऐकून घेतलं. आपण लेकीसाठी रडलो नाही, म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांना वाटलं.

शाळेतल्या सुलेखा मॅडमनी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी सपाट आवाजात सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. लॅपटॉप घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत मॅडमनी नखाएवढा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, चालू करताना वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं. निळा डोंगर आला. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा चालू केला. चक्र आलं.

"आता तुम्ही करा, गीताबाई."

गीताबाईंनी केलं. डोंगर आला. मॅडमनी समजावलं, की यंत्राला कामाला लावणारा प्रोग्राम बिघडलाय, यंत्र नाही. तसाच लिनक्स नावाचा प्रोग्राम कुणालाही फुकट मिळतो, त्याची आतली रचना कुणालाही वाचता येते आणि तो पेन ड्राइव्हवरूनही चालतो. महाराज असाच पेन ड्राइव्ह कापडाखाली लावत असणार आणि लॅपटॉप परत देताना काढून घेत असणार.

"मग प्रेरणा?"

"तिनं साठवलेलं सगळं आत तसंच आहे."

मॅडमनी फाईल उघडल्या. एका व्हिडिओत प्रेरणा भाषणाची तयारी करत होती, मधेच चुकून हसत होती. गीताबाईंचे डोळे कोरडेच राहिले.

"हे तिनं आधीच बोललेलं हाय," त्या म्हणाल्या.

"हो. आधीच."

सगळं दुसरीकडं उतरवून घेतल्यावर मॅडमनी त्यांना विचारूनच लिनक्स लॅपटॉपवर कायमचं बसवलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी स्क्रीनवर सरकत राहिली, गीताबाई बघत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी दोघी शेडमध्ये गेल्या. रांगेत निवृत्त तलाठी काकासाहेब होते. त्यांच्या परवानगीनं गीताबाईंनी त्यांचा लॅपटॉप स्टुलावर उघडा ठेवला, पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. निळा डोंगर आला. मागचे लोक उठून पुढं सरकले.

"बाईच्या अंगात आलंय," महाराज म्हणाले.

"अंगात काय नाय आलं," गीताबाईंनी पेन ड्राइव्ह वर धरला. "हे लावलं."

मॅडमनी महाराजांना कापडाविना करून दाखवायला सांगितलं. त्यांनी कापड घट्ट धरलं. काकासाहेबांनी ते ओढलं, तसा तसलाच पेन ड्राइव्ह सतरंजीवर पडला. लोकांनी आपापले लॅपटॉप उचलले. पैंजण परत मिळाले. पोलिसांत द्यायचा अर्ज काकासाहेबांनी तिथंच लिहिला.

बाहेर रांगेतल्या एका बाईनं विचारलं, लेक बोलली का मग?

"नाय. ती गेली. दवाखान्यात, माझ्या हातावर. यंत्रात नाय ती."

आवाज सपाटच होता. पण हे वाक्य त्या पहिल्यांदाच पुरं बोलल्या.

दुःखात बधिर झालेल्या माणसाला चमत्कार विकणं सोपं असतं, कारण तो "कसं केलंत?" असं विचारत नाही. म्हणून ते आपण विचारावं, त्याच्या शेजारी बसून विचारावं. आणि ज्याला तो प्रश्न खपत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नये, जिवंत असो की गेलेलं.