वशिंड्याची पिल्लं

“हा आपला नव्हे,” जाळीतला बोटभर हिरवट मासा चिमटीत धरून उल्का म्हणाली. त्याचं पोट टम्म फुगलेलं होतं. कशानं, ते तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

ॲरिझोनाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीच्या कडेला बांध घालून हे तळं राखलं होतं. धरणं नव्हती तेव्हा नदीला पूर होता, पुराला गाळ होता, आणि त्या गढूळ पाण्याच्या पदराआड पिल्लं वाढत होती. आता नदी थंड, नितळ. आणि बाहेरून आणून सोडलेले मासे टपून बसलेले. पाठीवर बैलासारखं वशिंड असलेला इथला जुना मासा अंडी घालायचा, पण त्याचं पोर जगायचं नाही. उल्का त्याला वशिंड्या म्हणायची; हे तळं त्याच्यासाठीच राखलेलं. मासे जगवण्याच्या तिच्या नोकरीतली निम्मी वर्षं या तळ्यापायी खर्ची पडली होती. या वसंतात पहिल्यांदाच तळ्यात जन्मलेली पिल्लं, केसाएवढी, काठच्या कोमट पाण्यात लुकलुकताना दिसली होती.

“सनफिश,” तिचा सहकारी टेरी म्हणाला. “कुणीतरी आणून ओतलेत. आपली पिल्लं खातायत, आणि त्यांचीही पिल्लं झालीत बघ.”

मोठे वशिंडे जाळ्यानं काढून टाकीत हलवता येतील. बारकी पिल्लं मात्र परक्यांच्या पिल्लांत मिसळून गेलेली. ती कोण निवडणार? पाण्यात औषध घालायचं, उरलेलं सगळं मारायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरा उपाय नव्हता.

दुपारी घरी तिनं ताट पुढे ओढलंच नाही. आई गेल्यावर नाशिकहून तिच्याकडे राहायला आलेल्या अप्पांनी कारण विचारलं. तिनं सांगितलं. त्यांचा हातातला घास ताटात परत गेला.

“उल्के, ते मी सोडले गं.”

“तुम्ही?”

“तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला. तो दुकानवाला जिवंत मासे विकतो ना, गळाला टोचायला? बादलीत नुसते तडफडत होते. म्हटलं, हिच्या नावानं सोडवावेत. तुझं तळं चांगलं रिकामं दिसलं...”

“रिकामं नव्हतं ते, अप्पा!”

“मला दिसली नाहीत गं पिल्लं. चष्मा होता तरी.” मग हळूच म्हणाले, “घाटावर कणकेच्या गोळ्या घालत बसायची ती माशांना. वाटलं, आवडेल तिला.”

“आवडलं असतं,” उल्का म्हणाली. तिला ओरडायचं होतं. पण ते तोंडून निघालं आणि ओरडणं आतच राहिलं.

“औषध कोण घालणार? त्या टेरीला सांग की.”

“नको. पहिलं पिल्लू मी पाहिलं होतं. मीच घालते.”

दुसऱ्या दिवशी मोठे मासे टाकीत गेले. “माझ्या वडिलांनी सोडले होते,” तिनं टेरीला सांगितलं. “पुअर मॅन,” एवढंच तो बोलला आणि औषधाचा पंप तिच्या पाठीवर नीट बसवून दिला.

ती काठाकाठानं चालत राहिली. तिच्यामागे पाणी दुधाळ होत गेलं. लुकलुक आधी दाट झाली, मग विरळ, मग पाणी नुसतं पाणी राहिलं.

फेरी पुरी करून तिनं मान वर केली. अप्पा न सांगता येऊन उभे होते. चपला त्यांनी दूर काढून ठेवल्या होत्या. तापलेल्या वाळूवर ते अनवाणी उभे होते, आणि पाय हलवत नव्हते.