लहरमाई सकाळी उठत नाही

मोरिवलीच्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर चपलांचा एवढा ढीग पडलेला असायचा की एखाद्याने तिथेच दुकान थाटलं असतं. आत पितळी चौथऱ्यावर माणसाच्या उंचीची काचेची नळी उभी होती. नळीत पाणी आणि पाण्यात लालभडक गोळा. तो बुडापासून सुटायचा, लांबट व्हायचा, डुलत डुलत वर जायचा, टोकाला टेकून पुन्हा खाली यायचा. ना दोरी, ना कुणाचा हात. बायका पदर पसरायच्या. दिवसभर कंपनीत मशीन चालवणारे बाप्येही हात जोडून उभे राहायचे.

ही लहरमाई. शेजारच्या गादीवर गगननाथ महाराज.

"आई वर गेली की शक्ती जागी, खाली बसली की शक्ती ध्यानात," महाराज सांगायचे. "वर-खाली, खाली-वर. ब्रह्मांडाची शिफ्ट अशीच चालते, बाबांनो."

आईचं काहीही बिनसलं तरी महाराजांकडे अर्थ तयार असे. गोळ्यातून नुसतेच अणकुचीदार कोंभ फुटले, तर आई बोट दाखवतेय, राहिलेला नवस फेडा. वर जाऊन तिथेच चिकटली, तर कैलासावर बसली. फुटून बारीक थेंब झाले, तर लेकरांत खेळतेय. आणि शुक्रवारी दिवसभर हललीच नाही, तर मौन.

कौलाची रीत गावाकडचीच उचललेली होती. फुलाऐवजी गोळा, एवढाच फरक. जे विचारायचं ते आईच्या पायाशी ठेवायचं आणि आरती म्हणायची. आरती संपायच्या आत गोळा वर आला तर उजवा कौल, नाही तर डावा.

बुवापाड्यातल्या कौसाबाईने एका सकाळी तिथे ठेवलं होतं सुनेच्या गोळ्यांचं पाकीट. कौल डावा आला.

"म्हणून औषध बंद केलंत?" सुनेत्राने विचारलं.

सुनेत्रा त्यांची शेजारीण. अकरावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं. पुढे पोरांची विज्ञानाची पुस्तकं वाचता वाचता तीच शिकत गेली आणि आता वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. भाजी निवडतानासुद्धा तिचा प्रश्न विचारायचा चाळा सुटत नसे, त्यामुळे सासरच्या मंडळींनी तिला हळदीकुंकवाला बोलवणं कमी केलं होतं.

"बाई, लगवी लाल होते तिची," कौसाबाई हळू आवाजात म्हणाली. "आतलं रगत जातंय."

"तो त्या गोळीचा रंग आहे. दवाखान्यात सांगितलं होतं ना?"

"डाक्टर सांगंल. देवीनं तर नाय सांगितलं."

भिंतीला टेकून विठा, तिची सून, खोकत होती. क्षयाचा खोकला. गोळ्यांनी तो चांगला उतरला होता, अंगावर मांस धरू लागलं होतं. या दुखण्याचं औषध अर्धवट सोडलं की ते उलटतं, आणि मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही. हे सुनेत्राला माहीत होतं. विठालाही माहीत होतं.

सासू पाण्याला गेल्यावर विठा म्हणाली, "बाई, मला संध्याकाळी न्या तिथं. संध्याकाळी आई सगळ्यांना उजवा देते. सासूबाई ऐकतील. मिटलं."

सुनेत्राला मोह झाला. किती सोपं होतं.

"आणि पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा सकाळी नेलं तर?"



पण संध्याकाळी उजवा, सकाळी डावा, हे सुनेत्राच्या डोक्यातून जाईना. त्यात ते शुक्रवारचं मौन. बाकीच्या देव्यांना शुक्रवारी श्वास घ्यायला सवड नसते आणि ही एकटीच रजा टाकते? शुक्रवार म्हणजे इथल्या कारखान्यांची सुट्टी. त्या दिवशी कारखान्यांच्या लाइनीला वीज नसते, आणि शेडही त्याच लाइनीवर. हात जोडणाऱ्या प्रत्येकाला आपली साप्ताहिक सुट्टी पाठ होती. आईची सुट्टीही तीच आहे, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. देवळाच्या दारात चपलांबरोबर आपण अजून काहीतरी काढून ठेवतो.

उत्तर सापडलं ते उल्हासनगरात. साडीला फॉल घ्यायला गेलेली सुनेत्रा दिव्यांच्या एका दुकानापाशी थबकली. काचेमागे वीतभर उंचीची लहरमाई डुलत होती, आणि तिच्याखाली बल्ब पेटलेला होता.

"मेण आहे, बहनजी," दुकानदार तोलाराम म्हणाला. "फॉरेनचा माल बघून इकडेच बनवला. घ्या, पण तक्रार आणू नका. थंडीत लवकर चालत नाही. आधी नुसते काटे काढतो. फार वेळ ठेवला तर वरच चिपकून बसतो. हलवला तर पाणी गढूळ."

"मोठा बनवता?"

"एकच बनवला, मोरिवलीच्या महाराजांना. साईं, डोकं खाल्लं त्यांनी. रोज निरोप, सकाळी उठत नाही, सकाळी उठत नाही. मी बोललो, एवढं मेण तापायला अर्धा दिवस जाणार, मी काय करू? नंतर निरोप यायचे बंद झाले."

बंद होणारच. महाराजांना दोषातच धंदा सापडला होता. दवाखान्याचे कागद घेऊन येणाऱ्यांना सकाळची वेळ, नवसाची साडी आणणाऱ्यांना संध्याकाळची. डॉक्टरकडून सुटलेला माणूस महाराजांच्या अंगाऱ्याशिवाय जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुनेत्रा विठाला आणि कौसाबाईला घेऊन शेडमध्ये पोचली. पत्रा गार पडला होता. महाराजांनी नुकतीच आई 'जागी' केली होती.

"माझा एक कौल आहे," ती म्हणाली.

"बोला, माताजी."

सुनेत्राने गादीजवळच्या महाराजांच्या खडावा उचलल्या आणि नळीच्या पायाशी ठेवल्या.

"आई, या गगननाथांच्या अंगात तुझी शक्ती असेल, तर आरती संपायच्या आत वर ये."

महाराज घाईने म्हणाले, "असले कौल इथे लावत नाहीत."

"का? मेलेल्या म्हशीचा लावता, पोरीच्या लग्नाचा लावता. तुमचाच तेवढा राहिलाय."

मागे कुणीतरी हसलं. मग आरती सुरू झाली. बायकांनी ती मुद्दाम संथ म्हटली. आईला वेळ मिळावा म्हणून शेवटचं कडवं पुन्हा घेतलं. गोळा बुडाशी गोठून बसला होता तो बसलाच.



"डावा," एक म्हातारा चाचरत म्हणाला.

"अपमान केलात तुम्ही," महाराज कडाडले. "आई रागावली."

"मंग त्या दिशी माज्या सुनेच्या गोल्यांवर पण रागावली होती," कौसाबाईने विचारलं, "का नुसती निजली होती?"

सुनेत्राने वळून कौसाबाईकडे पाहिलं. एवढा नेमका प्रश्न तिलाही सुचला नव्हता.

"आता कुणीच काही विचारू नका," सुनेत्रा म्हणाली. "नुसतं बसू."

महाराजांनी सगळ्यांना उठवून पाहिलं. बायका मांडी घालून बसल्या त्या हलल्या नाहीत. पत्रा तापला तसे गोळ्याला कोंभ फुटले. मग तो मऊ झाला, फुगला आणि कुणी काही विचारलेलं नसताना ऐटीत वर निघाला.

"हा कशाचा कौल?" सुनेत्राने विचारलं. "काल खाल्लेल्या भाकरीचा?"

तिने चौथऱ्यावरचं रेशमी कापड बाजूला केलं. "कौसाबाई, हात लावून बघा."

"अगो बाय, तव्यावानी तापलाय."

खालच्या फटीतून बल्बचा उजेड दिसत होता. वायर गादीखालून भिंतीपर्यंत गेली होती. सुनेत्राने पिन काढली. जेवणवेळ टळली तरी कुणी उठेना. गोळा मंदावला, जड झाला, बुडाशी जाऊन निजला. महाराज मात्र अजिबात निजले नव्हते. ते मागच्या दाराने कधी गेले ते कुणाला कळलंच नाही.

"खोबरेलाची बाटली थंडीत सकाळी गोठते की नाही? उन्हात ठेवली की पातळ होते," सुनेत्रा सांगू लागली. "हे मेण तसंच. गार असलं की पाण्यापेक्षा जड, म्हणून खाली. बल्बने तापलं की फुगतं, हलकं होतं आणि वर तरंगतं. वर गार झालं की पुन्हा खाली. ते कुणाला हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. दिवा म्हणून घरात ठेवा, छान दिसतो. पण औषधाचं डॉक्टरला विचारा. डॉक्टरचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आणि जो कुणी प्रश्न विचारणं हेच पाप आहे असं सांगतो, त्याला सगळ्यात आधी विचारा. भिऊ नका. विचारून कुणाचा देव मरत नाही."

कौसाबाई खाली मान घालून बसली होती. तिने कनवटीचं पाकीट काढलं आणि पुन्हा एकदा सवयीने त्या नळीकडे पाहिलं.

विठाने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"काय खाल्लं नाय गं तू," सासू म्हणाली. "कौलाचा उपास ना."

"उपाशीपोटीच घ्यायची असते." विठाने महाराजांच्या गादीजवळचा तांब्या उचलला.

"ते तीर्थ हाय, विठा."

"पाणीच ना?" विठा म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत गोळी गिळून तिने तांब्या रिकामा केला.